भागधारकांच्या नोंदवहीत

मार्चअखेरीस प्राप्तिकरासाठी लागणारी कागदपत्रे जुळवत बसले असताना शेअर बाजाराच्या निर्देशांकातील सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या माझ्या इंडेक्स फंडाचे मासिक विवरण सहज हाती लागले आणि, सहसा कोणीच करत नाही ते करून, मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. वर बँका, मग संगणक कंपन्या, मग औषधे आणि सिमेंट. यादी जसजशी खाली उतरत होती तसतसे टक्के बारीक होत गेले आणि तिथेच एका ओळीत वेदान्ता या खाणकाम कंपनीचे नाव आले. एका टक्क्याचाही लहानसा अंश. त्या अंशातील माझा वाटा काढायचा तर कदाचित एखादा शेअरही भरला नसता. तरीही मी यादी बाजूला ठेवून आमच्या गुंतवणुकीचे काम पाहणाऱ्या तरुणाला फोन केला आणि ही एक कंपनी माझ्या पैशांतून वगळता येईल का, असे विचारले. तो स्वभावाने गोड आहे. क्षणभर थांबून म्हणाला, ‘‘ताई, मिसळीतून मटकी वेचून काढायची म्हणता?’’ आम्ही दोघेही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मला त्या हसण्याचा हळूहळू त्रास होऊ लागला, कारण त्याचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होते. फंड निर्देशांकाबरोबर चालतो, निर्देशांक बाजारमूल्याबरोबर चालतो आणि बाजारमूल्य ज्याच्याबरोबर चालते त्यात नियमगिरीच्या डोंगरावरच्या माणसांचे मत कुठेही मोजलेले नसते.

वेदान्ताचे नाव वाचले की मला नियमगिरीच आठवतो, हा माझा दोष म्हणा किंवा सवय म्हणा.

काही वर्षांपूर्वी ओडिशातील रायगडा जिल्ह्यात जाण्याचा योग आला होता. काम दुसरेच होते, पण तिथल्या एका परिचितांनी बुधवारी चाटिकोनाच्या आठवडी बाजारात नेले. सकाळच्या ओलसर हवेत हळदीचा, शालपानांच्या द्रोणांचा आणि मोहाच्या दारूचा वास एकमेकांत मिसळलेला होता. डोंगरिया कोंध आदिवासी बायका टोपल्या घेऊन वरून उतरत होत्या. नाकात तीन-तीन नथण्या, केसांत ओळीने खोचलेल्या पिना आणि खांद्यावर लाल-पिवळ्या धाग्यांनी भरलेले वस्त्र. अननस, आले, हळद, केळी, भरडधान्ये हे सगळे वरच्या उतारांवर पिकलेले. ‘वरून आलेले’ या शब्दांत तिथे किती गोष्टी येतात, ते मागच्या नियमगिरी डोंगराकडे पाहिल्यावर कळले. त्याचा माथा सपाट आहे आणि त्या सपाटीखाली बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचे खनिज, आहे. कोकणातला सडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको: जांभा आणि बॉक्साइट ही जवळच्या नात्यातली भावंडे, दोघेही सच्छिद्र. पावसाळ्यात माथ्यावर पडलेले पाणी दगडात मुरते आणि उन्हाळ्यात उताराच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. वंशधारा नदी याच परिसरात उगम पावते. माथ्यावरचा थर काढून घेतला तर खालच्या झऱ्यांचे काय होईल, हा प्रश्न भूशास्त्राचा आहे आणि डोंगरियांसाठी तोच प्रश्न देवाचाही आहे, कारण माथा नियमराजाचा आहे आणि तिथे झाड तोडायचे नसते. त्या दिवशी मी हळद विकत घेतली आणि परतीच्या गाडीत बसले. डोंगराविषयी मला जे कळले ते नंतर, बहुतेक कागदांतून.

हे कागद मुख्यतः पैशांच्या प्रवासाचे आहेत. वेदान्ता रिसोर्सेस ही कंपनी डिसेंबर २००३ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात सूचिबद्ध झाली आणि त्यानंतर कालाहांडी जिल्ह्यात, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, लांजीगढ येथे वर्षाला दहा लाख टन क्षमतेचा, बॉक्साइटपासून अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचा कच्चा माल) काढणारा कारखाना उभा राहू लागला. खाणीची परवानगी अजून मिळायची होती, पण कारखाना कुठे बांधायचा हे ठरवताना डोंगर आपलाच आहे असे गृहीत धरलेले दिसते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीने सप्टेंबर २००५ मध्येच या प्रकल्पावर प्रतिकूल अहवाल दिला होता. जंगलाचे, पाण्याचे, आदिवासींच्या हक्कांचे आणि परवानग्या देण्यातील घिसाडघाईचे सगळे मुद्दे त्यात होते. म्हणजे जे माहीत व्हायला हवे होते ते दिल्लीत माहीत होते, आणि तरी काम चालू राहिले. मग मे २००७ मध्ये नॉर्वेच्या सरकारी पेन्शन निधीच्या नीतिपरिषदेने आपला अभ्यास पूर्ण केला. तुतिकोरिन, कोरबा, तमिळनाडूतील मालको कंपनीचा कारखाना आणि लांजीगढ या चारही ठिकाणांच्या कारभाराची तपासणी करून तिने शिफारस केली, की या कंपनीत पैसा ठेवणे म्हणजे पर्यावरणाच्या गंभीर हानीत आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनात सहभागी होण्याची जोखीम पत्करणे होय. नोव्हेंबर २००७ च्या पहिल्या आठवड्यात नॉर्वेच्या अर्थमंत्रालयाने वेदान्ता आणि तिच्या उपकंपन्या आपल्या निधीतून वगळल्याचे जाहीर केले. हा निधी उत्तर समुद्रातील खनिज तेलाच्या उत्पन्नावर पोसलेला आहे, ही गोष्ट विसरू नये. तेल विकून साठवलेल्या पैशाने बॉक्साइटवाल्यांना नीती शिकवावी, यावर कोणाला हसू आले तर मी त्याला दोष देणार नाही. पण त्या निधीने निदान एक केले: पैसा कुठे ठेवायचा नाही हे कोण, कशाच्या आधारे आणि कोणत्या कारणांसाठी ठरवते, ते लिहून काढले आणि लोकांसमोर ठेवले.

पुढचा प्रसंग मला या सगळ्या प्रकरणातील सर्वांत बोलका वाटतो. नॉर्वेच्या घोषणेनंतर अवघ्या काही दिवसांनी, २३ नोव्हेंबर २००७ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरीविषयी आदेश दिला आणि त्यात नॉर्वेच्या निर्णयाची दखल घेतली. अहवाल खरा की खोटा यावर आम्ही मत देत नाही, परंतु ज्या कंपनीच्या विश्वासार्हतेबद्दल आमची खात्री पटलेली नाही तिच्या हाती इतकी महत्त्वाची मालमत्ता सोपवण्याचा धोका आम्ही पत्करू शकत नाही, अशा आशयाची ती भूमिका होती. ओस्लोत बसलेल्या हिशेबनिसांच्या एका पत्राने दिल्लीत कामगिरी बजावली. परंतु त्याच आदेशात न्यायालयाने असेही सुचवले, की स्टरलाइट इंडस्ट्रीज ही भारतात नोंदलेली कंपनी राज्य सरकारच्या महामंडळाबरोबर, नफ्यातील ठरावीक वाटा स्थानिक विकासाला देण्यासारख्या अटी मान्य करून, अर्ज करू शकते. स्टरलाइट ही वेदान्ताचीच उपकंपनी, आणि नॉर्वेने वगळलेल्या यादीत तिचेही नाव होते. ऑगस्ट २००८ मध्ये तिला न्यायालयाकडून हिरवा कंदील मिळाला. या सुनावणीच्या काळात खंडपीठातील एका न्यायमूर्तींनी आपल्याकडे स्टरलाइटचे शेअर असल्याचे भर न्यायालयात सांगितले होते आणि उपस्थित वकिलांनी हरकत घेतली नव्हती. त्यात लपवाछपवी काहीच नव्हती, म्हणूनच मला ते महत्त्वाचे वाटते. शेअर सगळ्यांकडेच असतात. न्यायमूर्तींकडे असतात, चर्चकडे असतात, निवृत्त शिक्षकांकडे असतात, आणि आता कळल्याप्रमाणे माझ्याकडेही असतात.

मग विकून टाकावेत का?

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मी शेअर विकला की तो कोणीतरी घेतो, आणि या देवघेवीत कंपनीच्या तिजोरीतून एक रुपयाही कमी होत नाही. सज्जन लोक बाहेर पडले तर भागधारकांच्या नोंदवहीत उरतात ते फक्त लाभांशाकडे डोळे लावून बसलेले, आणि ते वार्षिक सभेत झऱ्यांविषयी प्रश्न विचारत नाहीत. हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. खाणकाम हा कर्जावर चालणारा धंदा आहे. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे रोखे काढावे लागतात, त्यांचा व्याजदर ठरवताना धनको प्रकल्प वेळेवर सुरू होईल का, खटले किती आहेत, रस्ता कोण अडवून बसले आहे हे सगळे पाहतात, आणि एखाद्या प्रतिष्ठित निधीने कारणे देऊन पाठ फिरवली की ती कारणे त्या हिशेबात शिरतात. दुसरा परिणाम मोजता येत नाही, पण २००७ च्या आदेशात तो स्पष्ट दिसतो. गावातल्या माणसाने ‘आम्हाला विचारले नाही’ असे म्हटले तर ती तक्रार असते. तेच वाक्य पेन्शन निधीच्या शिक्क्यानिशी आले की त्याला ‘जोखीम’ म्हणतात, आणि जोखमीपुढे संचालक मंडळेही सरळ होऊन बसतात. गुंतवणूकदारांवर दबाव आणण्याच्या मोहिमांचे खरे बळ या रूपांतरात आहे असे मला वाटते, आणि मला त्याची लाजही तिथेच वाटते. केंद्रीय सक्षम समितीने दोन वर्षे आधी जे लिहिले होते, डोंगरियांनी त्याहूनही आधी जे तोंडाने सांगितले होते, ते नॉर्वेहून फिरून आल्यावर वजनदार ठरले.

लंडनमध्ये पुढची काही वर्षे जे चालले तेही याच जातीचे होते. सर्व्हायव्हल इंटरनॅशनल आणि अॅम्नेस्टी यांसारख्या मानवी हक्क संस्था, शिवाय ओडिशातून जाऊन पोचलेले काही कार्यकर्ते, कंपनीपेक्षा तिच्या भागधारकांच्या मागे लागले. एखादाच शेअर विकत घ्यायचा, त्याच्या जोरावर वार्षिक सभेत बसायचे आणि अध्यक्षांना सर्वांदेखत प्रश्न विचारायचा. कायद्याने दिलेल्या या फटीतून डोंगराचा विषय गालिचे घातलेल्या सभागृहात शिरत असे. ब्रिटनमधील ज्या सरकारी कक्षाकडे बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या वर्तनाबद्दल तक्रार करता येते, त्याने सप्टेंबर २००९ मध्ये निष्कर्ष काढला, की कंपनीने डोंगरिया कोंधांशी पुरेसा विचारविनिमय केलेला नव्हता. फेब्रुवारी २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने आपले सुमारे ३८ लाख पौंडांचे शेअर विकले. चर्चने आधी कंपनीशी बोलणी करून पाहिली होती आणि बोलण्याचा उपयोग होत नाही अशी खात्री पटल्यावर विक्री केली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. जोसेफ राउंट्री चॅरिटेबल ट्रस्ट त्याच महिन्यात बाहेर पडला आणि जुलैमध्ये पीजीजीएम ही डच पेन्शन संस्था. अब्जावधी पौंड मूल्याच्या कंपनीपुढे या रकमा किरकोळ होत्या, पण वर्तमानपत्रांतील मथळे किरकोळ नव्हते. त्याच सुमारास काही आंदोलक एका गाजलेल्या हॉलिवूडपटातील परग्रहवासीयांसारखे अंगाला निळा रंग फासून सभेच्या दाराशी उभे राहिले. छायाचित्रे जगभर छापून आली. मी ती पाहिली तेव्हा मला चाटिकोनाच्या बाजारातील नथण्या आठवल्या आणि मन खट्टू झाले: लंडनला दिसायचे तर डोंगरियांना आधी कल्पित परग्रहावरचे प्राणी व्हावे लागले. पण मोहीम चालवणाऱ्याने काय करावे, याचे उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हते. शांतपणे दिलेली निवेदने वर्षानुवर्षे फायलींत पडून होती.

ऑगस्ट २०१० मध्ये एन. सी. सक्सेना समितीच्या अहवालानंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी खाणीसाठीची वनमंजुरी नाकारली. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले आणि १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, जंगलावरील आदिवासींचे हक्क मान्य करणाऱ्या वनहक्क कायद्याच्या आधारे, निर्णय ग्रामसभांकडे सोपवला. आता या डोंगराच्या परिसरात शंभराहून अधिक वस्त्या आहेत. त्यांपैकी राज्य सरकारने फक्त १२ गावे निवडली आणि त्यावरून बराच वादही झाला. भर पावसाळ्यात, १८ जुलैला सेरकापाडीपासून १९ ऑगस्टला जरपापर्यंत, जिल्हा न्यायाधीशांच्या उपस्थितीत एकेक ग्रामसभा भरली. बाराही गावांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने खाणीला अंतिम नकार कळवला. २०१६ मध्ये ओडिशा सरकारच्या बाजूने ग्रामसभा पुन्हा घेण्याची खटपट झाली, ती सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. या विजयात नॉर्वेचा वाटा किती आणि चर्चचा किती, याची टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. माझ्या मते बाहेरच्या दबावाने वेळ मिळवून दिला. २००४ पासून २०१३ पर्यंत माथ्यावर सुरुंग लागला नाही, आणि तेवढ्या अवधीत वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत होऊन अमलात आला आणि त्या कायद्याचा हात धरून गावे बोलू शकली. निर्णय गावांचा होता. शेअर विकणाऱ्यांनी तो व्हायच्या आत डोंगर संपू दिला नाही, इतकेच श्रेय त्यांना द्यावे, आणि ते थोडे नाही.

विक्री न करताही दबाव आणता येतो, याचे ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियातून आले. मे २०२० मध्ये रिओ टिंटो या कंपनीने पिल्बारा प्रदेशातील जुकन घळीतल्या प्राचीन गुहा लोहखनिजासाठी सुरुंगाने उडवल्या. तिथे मानवी वावराच्या ४६,००० वर्षांपूर्वीपर्यंतच्या खुणा होत्या आणि पुटू कुंटी कुरामा व पिनिकुरा लोकांसाठी ती पवित्र जागा होती. कंपनीकडे कायदेशीर परवानगी होती, हे मुद्दाम नोंदवते. संचालक मंडळाने आधी चौकशी करून वरिष्ठांचे बोनस तेवढे कापले. तेव्हा ऑस्ट्रेलियातील निवृत्तिवेतन निधी संतापले, एवढ्याने भागणार नाही असे त्यांनी उघडपणे सांगितले, आणि सप्टेंबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह तिघांचे पायउतार होणे जाहीर झाले. गुहा परत आल्या नाहीत. त्याच वर्षाच्या २७ नोव्हेंबरला सिडनीत भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना चालू असताना एक निदर्शक थेट मैदानात घुसला, हे आपल्यापैकी अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले असेल; क्वीन्सलँडमधील अदानी समूहाच्या कोळसा खाणीला स्टेट बँकेने १०० कोटी डॉलरचे कर्ज देऊ नये, असे त्याच्या हातातील फलकावर लिहिले होते. आमच्या घरात तेव्हा ‘याला आधी बाहेर काढा’ एवढीच प्रतिक्रिया उमटली होती. त्याच दिवसांत अमुंडी या फ्रेंच गुंतवणूक संस्थेनेही, हे कर्ज दिले तर आम्ही स्टेट बँकेचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठी काढलेले कर्जरोखे) विकून टाकू, असा इशारा दिला. मोठमोठ्या बँकांनी पाठ फिरवल्यामुळे त्या खाणीचा मूळ वर्षाला सहा कोटी टनांचा आराखडा एक कोटी टनांवर आला होता, आणि तो समूहाने स्वतःच्या पैशांवर रेटला. २०२१ च्या अखेरीस तिथला कोळसा निर्यातीसाठी बंदरावर पोचला. गुंतवणूकदारांच्या दबावाची मर्यादा पाहायची तर ती इथे पाहावी: ज्याच्या खिशात स्वतःचा पैसा आहे त्याला हा दबाव लहान करतो, थांबवत नाही.

लंडनची कथाही पुढे वेगळ्याच वळणावर गेली. २२ मे २०१८ रोजी तुतिकोरिनमध्ये स्टरलाइटच्या तांबे कारखान्याविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि १३ जणांचा जीव गेला. ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या नेत्यांनी वेदान्ताला लंडनच्या बाजारातून काढून टाकण्याची मागणी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेदान्ता रिसोर्सेस त्या बाजारातून बाहेर पडली, मात्र कोणी काढली म्हणून नाही. मुख्य प्रवर्तकाने इतरांचे शेअर विकत घेऊन कंपनी खासगी केली. ज्या आंदोलकांनी इतकी वर्षे ‘हिला बाजारातून हाकला’ अशा घोषणा दिल्या होत्या त्यांना त्या दिवशी आनंद झाला असेल, आणि तो समजण्यासारखाही आहे. परंतु त्याबरोबर एका शेअरवर मिळणारी ती खुर्चीही गेली. अध्यक्षांना उत्तर देणे भाग पडेल अशी सभा आता लंडनमध्ये भरत नाही. नोंदवहीतील लोकांची नावे उरली ती मुंबईत, म्हणजे आपली.

आणि इथे माझी बेचैनी घरापर्यंत येऊन पोचते. २०२० साली वेदान्ता रिसोर्सेसची भारतातील उपकंपनी वेदान्ता लिमिटेड हीही बाजारातून काढून घेण्याचा प्रवर्तकांनी प्रयत्न केला, तेव्हा तो फसण्यात आयुर्विमा महामंडळाचा मोठा हात होता. एलआयसीकडे कंपनीचे सहा टक्क्यांहून थोडे अधिक शेअर होते, आणि बाजारभाव त्याच्या निम्म्याहूनही कमी असताना तिने आपल्या शेअरसाठी ३२० रुपये मागितले. पुरेसे शेअर जमले नाहीत आणि बेत बारगळला. पॉलिसीधारकांच्या पैशाची योग्य किंमत मागितली यात एलआयसीचे काही चुकले नाही; उलट मला त्या ताठ मानेचे कौतुकच वाटले. मनात आले ते इतकेच, की आपल्याकडच्या संस्थेत एवढी ताकद आहे हे त्या दिवशी सगळ्यांना दिसले, आणि ती भावासाठी वापरली गेली. डोंगरासाठी ती वापरल्याचे माझ्या वाचनात कधी आले नाही. नियम तर आता आहेत. विमा नियामकाने विमा कंपन्यांसाठी २०१७ मध्ये आणि सेबीने म्युच्युअल फंडांसाठी जुलै २०२० पासून, ज्या कंपन्यांत पैसा गुंतवला आहे त्यांच्या कारभारावर लक्ष ठेवण्याची, त्यांच्याशी बोलण्याची आणि मतदान करण्याची संहिता लागू केली आहे. फंडांना मतदान टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि प्रत्येक मताचे कारण संकेतस्थळावर द्यावे लागते. मी माझ्या फंडाचे ते तक्ते उघडून पाहिले. संचालकाची फेरनेमणूक: बाजूने. लेखापरीक्षकांचे मानधन: बाजूने. कारणांच्या रकान्यात बहुधा ‘कायद्यानुसार योग्य, आक्षेप नाही’ अशा अर्थाचे एकच वाक्य खालपर्यंत उतरत गेलेले. ज्या विषयावर ठरावच मांडला जात नाही त्यावर मत कसले देणार, हे फंडवाल्यांचे म्हणणेही खरे आहे. भविष्य निर्वाह निधीचे तर विचारूच नका. २०१५ पासून त्यातला काही पैसा निर्देशांकाच्या मार्गाने शेअरमध्ये जातो आणि कारखान्यातल्या कामगाराला आपण कोणकोणत्या खाणींचे सहमालक झालो आहोत याची गंधवार्ताही नसते.

माझ्या एका मैत्रिणीने हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, की घरातल्या खिडक्यांच्या चौकटी तू काढून टाकणार आहेस का? प्रश्न खोचक होता, पण गैरलागू नव्हता. मी ज्या रेल्वेने रायगडाला गेले तिच्या खिडकीतून दिसणाऱ्या उच्चदाब विजेच्या तारांपासून सौर पट्ट्यांच्या चौकटींपर्यंत अॅल्युमिनियम सगळीकडे आहे, आणि ते कुठल्या तरी सपाट माथ्यावरूनच येते. कालाहांडीच्या उपासमारीच्या बातम्या वाचत माझी पिढी मोठी झाली. तिथे कारखाना आला, मुलांना पगार मिळाला, तर पुण्या-मुंबईत बसून त्यावर नाक मुरडणे मलाही जमत नाही. लांजीगढमध्ये कारखान्याच्या बाजूने बोलणारी माणसेही आहेत आणि ती सगळी विकली गेलेली आहेत असे मानणे उर्मटपणाचे होईल. मला अडते ते क्रमापाशी. आधी कारखाना, मग खाणीची परवानगी, मग न्यायालय, आणि अगदी शेवटी, तेही निवडक १२ गावांना, ‘तुम्हाला काय वाटते?’ हा प्रश्न. पैसा पुरवणाऱ्याने तो प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर कदाचित कारखाना दुसरीकडे उभा राहिला असता, आणि कंपनीचेही काही अब्ज रुपये वाचले असते. याला नीती म्हणायचे की व्यवहार, यावर माझी आणि मैत्रिणीची अजून सहमती झालेली नाही.

कारखाना आजही तिथेच आहे आणि त्याला बॉक्साइट लागतेच. २०२३ मध्ये रायगडा आणि कालाहांडी या जिल्ह्यांच्या सीमेवरील सिजिमाळी डोंगराच्या लिलावात वेदान्ताची निवड झाली. तिथल्या गावांनी विरोध केला आहे, अटका झाल्या आहेत, आणि ग्रामसभांनी संमती दिल्याचे जे कागद दाखवले जातात ते खोटे असल्याचा गावकऱ्यांचा आरोप आहे. या वेळी ओस्लोहून फारशी मदत होणार नाही, कारण नॉर्वेने आपले शेअर कधीच विकून टाकले आहेत, आणि लंडनची सभा बंद झाली आहे. म्हणून मी एलआयसीची पॉलिसीधारक या नात्याने महामंडळाला आणि युनिटधारक या नात्याने माझ्या फंडाला एक पत्र लिहिले. ‘शेअर विका’ असे त्यात म्हटलेले नाही. तुम्ही विकलेत तर विचारणारे कोणीच उरणार नाही, अशी मला भीती आहे. कंपनीला चार गोष्टी लेखी विचाराव्यात, एवढीच विनंती केली आहे: सिजिमाळीवरील कोणत्या गावांची ग्रामसभा कोणत्या तारखेला आणि कोणाच्या उपस्थितीत झाली, तिथले वनहक्काचे किती दावे निकाली निघाले आणि किती पडून आहेत, माथ्याचा थर काढल्यावर झऱ्यांचे काय होईल याचा अभ्यास कोणी केला, आणि लांजीगढच्या लाल चिखलाचे (अॅल्युमिना काढून उरलेल्या गाळाचे) तळे फुटले तर खालच्या गावांना किती वेळात कळेल. ठरावीक मुदतीत समाधानकारक उत्तर आले नाही तर आपण बाहेर पडू, हेही त्या पत्रात कंपनीला आधीच सांगून ठेवावे, असे सुचवले आहे. फंडाकडून पोच आली आहे आणि तिच्यावर तक्रार क्रमांक आहे. एलआयसीला पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवले आहे. गुंतवणुकीचे काम पाहणाऱ्या त्या तरुणाने पत्राची प्रत मागून घेतली. त्याच्या इतर काही ग्राहकांना ती दाखवायची आहे, असे तो म्हणाला, आणि दुसऱ्या प्रश्नातला ‘दावे’ हा शब्द नेमका कशाबद्दल आहे, ते त्याने मला दोनदा विचारून घेतले.